सम्प, रेफ्युजियम आणि तुझं नवं घर

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार रात्र

प्रिय महेश,

दिवाळीला तुम्ही सगळे कायमचे कोल्हापूरला येताय हे वाचून फार बरं वाटलं. आणि रंकाळ्याकडच्या घरात पहिली वस्तू कोणती, तर रीफ टँक, प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी! सम्प, म्हणजे टँकखालची पाणी साफ करायची टाकी, केवढा घेऊ आणि रेफ्युजियम, म्हणजे शेवाळ वाढवायचा कप्पा, त्यातच बसवू की वेगळं, असं विचारलंयस. फोनवर हे उरकणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

फॅब्रिकेटरला माप द्यायच्या आधी एक गोष्ट पक्की धर. टँक चालू असताना सम्पमध्ये पाणी किती राहतं, यावर त्याचं माप ठरवायचं नाही. लाइट गेल्यावर वरून किती येतं, त्यावर ठरवायचं. इथला पावसाळा तुला ठाऊक आहे. वळवाचा पहिला वारा सुटला की लाइट जाते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तर शहराच्या कितीतरी भागांत दिवसच्या दिवस वीज नव्हती.

आता हिशेब बघ. तुझा टँक चार फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे सुमारे २५५ लिटर. त्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की साडेपाच लिटर खाली येतात. पंप थांबल्यावर पातळी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी खाली सोडणाऱ्या बॉक्सच्या, दातांपर्यंत तीनेक सेंटिमीटर उतरेल. त्यात बॉक्समधलं आणि पाइपातलं पाणी धर, की झाले वीस-पंचवीस लिटर. इथवर काळजी नाही. पण रिटर्नचं, म्हणजे पाणी परत वर आणणाऱ्या पाइपाचं, तोंड पाण्यात दहा सेंटिमीटर खोल असेल, तर तोच पाइप सायफन होऊन उलटा ओढायला लागतो आणि छप्पन्न लिटर फरशीच्या दिशेनं निघतात. म्हणून तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेव आणि पाइपला तिथंच एक बारीक भोक पाड, म्हणजे हवा शिरून सायफन तुटेल. त्या भोकात शेवाळ साचतं, काडीनं साफ करत जा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर अजिबात विसंबू नकोस. एखादी गोगलगाय अडकली की तो उघडाच राहतो.

माझ्या मते तीन फूट बाय सव्वा बाय सव्वा फूट सम्प घे. त्यात आठ-साडेआठ इंच पाणी ठेवलंस तर वर पन्नास-पंचावन्न लिटरची जागा मोकळी राहते. काचवाला म्हणेल, वरपर्यंत भरा की, पाणी जास्त मावेल. ऐकू नकोस. स्टँड उद्यमनगरात करून घे, पण समोरच्या बाजूला मधला पाय नको, नाहीतर सम्प आत जाणार नाही. आणि उंची एवढी हवी की स्किमरचा, म्हणजे फेसाबरोबर घाण काढणाऱ्या यंत्राचा, कप सरळ वर काढता येईल. लोखंडाला पावडर कोटिंग करच, मिठाचं पाणी उडून उडून गंज धरतो.

रेफ्युजियम मात्र वेगळं नको, सम्पमध्येच कर. बहुतेक जण आधी स्किमर, मग रेफ्युजियम, मग रिटर्न पंप अशी एकच रांग लावतात. मला मधे रिटर्न असलेली मांडणी पटते. डाव्या टोकाला मुख्य ड्रेन आणि स्किमर, उजव्या टोकाला रेफ्युजियम, दोन्हींचं पाणी मधल्या कप्प्यात पडणार. ड्रेनच्या पाइपाला टी लावून एक छोटी धार व्हॉल्व्हमधून रेफ्युजियमला द्यायची. स्किमरला आणि शेवाळाला लागणारा प्रवाह असा वेगवेगळा जुळवता येतो. शिवाय रेफ्युजियममध्ये वाढलेले कोपेपॉड, म्हणजे माशांचं खाद्य असलेले बारीक कवचधारी जीव, स्किमरच्या वाटेला न जाता थेट वर पोचतात. कप्पे तीनच ठेव. सम्पची एक तृतीयांश जागा तरी रेफ्युजियमला दे, कोपऱ्यातल्या मूठभर शेवाळानं काही साधत नाही.

शेवाळ कीटोच लाव, ते दोऱ्यांच्या गुंत्यासारखं वाढतं. कॉलर्पा ही शेवाळाची दुसरी जात दिसायला सुंदर, पण ती कधीकधी एका रात्रीत बीज सोडून विरघळते आणि शोषलेलं सगळं पाण्यात परत येतं. कीटोचा गोळा फिरता राहू दे, त्यावर रात्री दिवा लाव. वरचे दिवे बंद असताना इथं प्रकाशसंश्लेषण चाललं की कार्बन डायऑक्साइड वापरला जातो आणि पहाटे पीएच फार घसरत नाही. दर थोड्या दिवसांनी अर्धा गोळा बाहेर काढ. काढलेल्या शेवाळाबरोबरच नायट्रेट आणि फॉस्फेट टँकबाहेर जातं, नुसतं वाढवून उपयोग नाही. पण नायट्रेट शून्यावरही नेऊ नकोस, प्रवाळ फिके पडतात. पाच ते दहा पीपीएम चांगलं.

रात्री टॉर्च घेऊन या कप्प्यात बघत बसणं मला अजून आवडतं. काचेवर कोपेपॉडचे पांढरे ठिपके धावतात, कीटोच्या जाळीतून त्यांचे थोडे मोठे भाऊबंद, ॲम्फिपॉड, डोकावतात. मासे नाहीत, म्हणून ते निवांत वाढतात. समुद्र सह्याद्रीपलीकडे, आणि इथं घाटावर आपल्या घरात ही जिवंत साखळी चालू आहे, याचा मला मनापासून आनंद होतो.

पंपाचं थोडक्यात. टँकमध्ये प्रत्यक्ष तासाला हजार लिटर चढलं तरी पुष्कळ, पण तेवढी उंची चढायची म्हणून डब्यावर दोन-अडीच हजार लिहिलेला घे. टँकमधल्या लाटांसाठी वेव्हमेकर वेगळा. तो डीसी घे आणि बॅटरीवर जोडून ठेव. लाइट गेल्यावर माशांना आधी ऑक्सिजन लागतो, सम्प काही तास थांबला तरी चालतो. उन्हाळ्यात पंखा लावशील तेव्हा पाणी भराभर उडेल, मधल्या कप्प्यात ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय, हवीच, आणि त्यात आरओ-डीआयचंच, म्हणजे क्षार काढून शुद्ध केलेलं, गोडं पाणी.

एक मात्र ऐक. मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा त्यावरचा दगड आणायचा विचारही नको. दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आणि कायदा नसता तरी तिथलं तिथंच राहावं असं मला वाटतं. कृत्रिम कोरडा दगड घे, त्यावर जिवाणू रुजायला वेळ लागेल, लागू दे.

स्टँडच्या आतलं माप काढून पाठव, मग कप्प्यांमधल्या काचेच्या पडद्यांची उंची ठरवू. कीटो माझ्याकडे भरपूर आहे, पिशवीत घालून देतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सतीश