लालबागच्या काकांना जाहीर पत्र

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

क्रिकेटच्या सट्ट्यावरच्या आमच्या फिल्मच्या शेवटी सगळ्यांची नावं येतील, त्यात तुमचं नसेल. ती तुमचीच अट होती आणि रास्त होती. पण आभार न मानता मला चैन पडणार नाही, म्हणून नाव न घेता हे पत्र लिहितेय.

तुमच्या खोलीत कॅमेरा लावला तेव्हा आमच्या डोक्यात फिक्सिंगच होतं. 2000 सालचं हॅन्सी क्रोनिए प्रकरण, 2013 च्या आयपीएलमधल्या अटका. सट्टा म्हटलं की लोकही तेच विचारतात. तुम्ही मात्र कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलंत आणि पेन्सिलीने भाव लिहिलात, 40-42. फेव्हरिट टीमवर एकाने हजार लावले आणि ती जिंकली, तर बुकी त्याला चारशे देणार. त्याच टीमचे दुसऱ्याने हजार खाल्ले असतील, म्हणजे ती हरेल असं धरलं असेल, तर त्याच्याकडून चारशे वीस घेणार. टीम हरली, तर पहिल्याचे हजार दुसऱ्याच्या खिशात. “आता सांग, बुकीचं काय गेलं?” जिंकली तर वीस रुपये सुटले, हरली तर बरोबरी. “मॅच साफ असली तरी धंदा चालतो, पोरी. दोन्ही बाजू सारख्या लिहून घेता आल्या पाहिजेत.”

काका, त्या पानामुळे फिल्म बदलली. आम्ही खलनायक शोधत होतो, तुम्ही हिशेब दाखवलात. चेहरा नको म्हणालात, म्हणून पडद्यावर फक्त तुमचे हात आहेत. आकडा लिहून झाला की अंगठ्याने कागद दाबायची तुमची सवय त्यात आली आहे. इतकी वर्षं भाव लिहिलेल्या माणसाचे हात आहेत, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मटक्याच्या दिवसांबद्दलही तुम्ही भरभरून बोललात. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लागायचा, तिथपासून. ते सगळं फिल्ममध्ये मावलं नाही, याची हळहळ आहे.

सगळ्यात मोठे उपकार त्या डिलिव्हरीवाल्या मुलाबाबतचे. फोनवरच्या आयडीवर, म्हणजे सट्ट्याच्या ऑनलाइन खात्यावर, ओव्हरमागून ओव्हर खेळून तो कर्जात बुडाला होता आणि बोलायला घाबरत होता. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. हे त्याला आम्ही सांगून पाहिलं, पण त्याचा विश्वास बसला तो तुमच्या शब्दावर. “आमच्या वेळी वलण, म्हणजे पैशांची देवघेव, आठवड्याने व्हायचं, मधे माणूस भानावर यायचा. याला तेवढी उसंतच मिळाली नाही,” असं तुम्ही त्याच्या आईला म्हणालात. पोराला नुसती शिवी ऐकायची सवय झालेल्या त्या माउलीला तुमचा किती आधार वाटला, ते मी समोर बसून पाहिलंय. त्यानंतरच ती दोघं कॅमेऱ्यासमोर आली.

काकूंचेही आभार. आवाज नीट यावा म्हणून भर मे महिन्यात आम्ही पंखा बंद ठेवायचो, त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही.

तुमचा आवाज बदललेली प्रत तयार आहे. येत्या रविवारी घेऊन येते. त्या मुलाला आणि त्याच्या आईलाही बोलावलंय. कुणालाही एखादं वाक्य नको वाटलं तर सांगा, ते काढू आणि मगच फिल्म बाहेर जाईल.

आपली,
फिल्मची दिग्दर्शिका