आरोग्यमंत्री महोदय, निगेटिव्ह बाईचं इंजेक्शन मागायचं कोणी?

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ३२

विषय : आरएच निगेटिव्ह मातांना अँटी-डी इंजेक्शन वेळेवर न मिळणे, आणि त्याबद्दलची माझी तक्रार परस्पर बंद करणे

महोदय,
सविनय नमस्कार.

परवा मोबाईलवर मेसेज आला की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. उघडून पाहिलं तर एवढंच उत्तर होतं : "सदर इंजेक्शन संस्थेत उपलब्ध असून रुग्ण अथवा नातेवाईकांनी मागणी केल्याचे अभिलेखावरून दिसून येत नाही. सबब तक्रार निकाली." मला कोणी फोन केला नाही, घरी कोणी आलं नाही, माझी कागदं कोणी मागितली नाहीत. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी विदर्भातल्या एका कापूस-सोयाबीनच्या गावात राहते. चार एकर कोरडवाहू आहे. माझा रक्तगट ए निगेटिव्ह, म्हणजेच आरएच निगेटिव्ह; यांचा बी पॉझिटिव्ह. मोठी मुलगी आता अंगणवाडीत जाते. धाकटा मुलगा नागपुरात जन्मला आणि जन्मल्यावर काही तासांतच पिवळा पडला. त्याच्या अंगातलं रक्त काढून दुसरं भरावं लागलं. ते कशामुळे, हे आपल्याला माहीत असेलच, पण आपल्या खात्यातल्या ज्या माणसाने ते उत्तर टाईप केलं त्याच्यासाठी लिहिते.

आई निगेटिव्ह आणि पोटातलं बाळ पॉझिटिव्ह असलं, की बाळंतपणाच्या वेळी बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं. आईचं शरीर त्याला परकं समजतं आणि त्याच्याविरुद्ध लढणारे घटक, म्हणजे अँटीबॉडी, तयार करतं. पहिल्या बाळाला बहुतेक वेळा काही होत नाही, कारण तोवर ते जन्मलेलं असतं. मार बसतो पुढच्या बाळाला. त्या अँटीबॉडी वारेतून त्याच्यापर्यंत जातात आणि त्याच्या रक्तपेशी फोडतात. बाळ पोटातच पांढरं पडतं, त्याच्या अंगात पाणी भरतं, किंवा जन्मल्यावर अशी कावीळ होते की ती मेंदूपर्यंत चढू शकते. हे सगळं टाळायला, त्या अँटीबॉडी तयारच होऊ नयेत म्हणून, एक इंजेक्शन आहे, अँटी-डी. सातव्या महिन्यात, म्हणजे २८ आठवड्यांना एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. गर्भपात झाला, दिवस असताना अंगावरून गेलं, तरी द्यायचं असतं. जगात हे इंजेक्शन १९६८ पासून आहे. माझ्या आईचं लग्नही तेव्हा झालं नव्हतं.

आता मागणीचं सांगते.

मुलीच्या वेळी मी दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणीच्या रांगेत उभी राहिले. वजन झालं, बीपी झालं, हिमोग्लोबिन झालं. कार्डावर रक्तगट लिहिला गेला, निळ्या पेनाने, कोपऱ्यात. निगेटिव्ह म्हणजे काय, कोणी सांगितलं नाही. सातव्या महिन्यात इंजेक्शन असतं हे मी नागपुरात, दुसऱ्या बाळाच्या वेळी ऐकलं. यांचा रक्तगट तर कोणी विचारलाच नाही. नवराही निगेटिव्ह असता तर बाळाला धोकाच नव्हता, एवढं त्या एका साध्या तपासणीत कळलं असतं.

तालुक्याच्या दवाखान्यात शनिवारी दिवेलागणीला मोकळी झाले. सिस्टरने कार्ड बघितलं आणि ती स्वतःच म्हणाली, हिला अँटी-डी लागेल. ती चांगली बाई होती, तिच्यावर माझा राग नाही. पण बाळाचा रक्तगट आधी बघायचा म्हणे, आणि लॅबवाले सोमवारी येणार. इंजेक्शन स्टोअरमध्ये असेल तर असेल, स्टोअरची चावी सोमवारीच. यांनी रात्री गावातली सगळी मेडिकल पालथी घातली. एकानेही ठेवलेलं नव्हतं. एक जण म्हणाला, "मागवून देतो दादा, सोमवारी ऑर्डर टाकतो, साडेतीन हजार लागन." सोमवारी स्टोअर उघडलं, तिथे नव्हतं. बुधवारी सकाळच्या एसटीने औषध आलं. ह्यांनी स्टीलच्या डब्यात बर्फ भरून, त्यावर ओला रुमाल गुंडाळून ते वॉर्डात आणलं. डबा माझ्या उशाशी ठेवला होता, बर्फाचं पाणी गादीवर गळत होतं. डॉक्टर राउंडला आले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, ७२ तास होऊन गेले, आता देऊन उपयोग नाही. डिस्चार्ज लिहिला.

ही मागणी नाही तर काय आहे, मंत्री महोदय? त्या मेडिकलचं बिल माझ्याकडे आहे, त्यावर तारीख आहे. आणि ते इंजेक्शन न देताच फेकलं गेलं. नागपूरच्या डॉक्टर मॅडमनी नंतर सांगितलं की ७२ तास उलटले तरी ते द्यायलाच हवं होतं, दहा दिवसांपर्यंत दिलं तरी काही प्रमाणात फायदा होतो. बाळाचा रक्तगट लगेच कळत नसेल तर वाट न बघता देऊन टाकायचं असतं. म्हणजे औषध उशाशी होतं, हात समोर होता, सुई ट्रेमध्ये होती, आणि तरी मला ते मिळालं नाही.

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा मी स्वतः कार्ड पुढे करून सांगितलं, मला ते इंजेक्शन मिळालेलं नाही. उत्तर मिळालं, "आता सातव्या महिन्यात बघू." आधी आयसीटी नावाची रक्ततपासणी करायची असते, अँटीबॉडी तयार झाल्या की नाही ते त्यात कळतं. ती आमच्याकडे होत नाही, नमुना कुठे पाठवायचा तेही ठरलेलं नाही. शेवटी जिल्ह्याच्या गावी खासगी लॅबमध्ये केली. पॉझिटिव्ह आली. त्यानंतर इंजेक्शनचा उपयोग नसतो. एकदा अँटीबॉडी तयार झाल्या की त्या जन्मभर राहतात.

पुढचे महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूच्या रक्तवाहिनीतलं रक्त किती जोरात वाहतं ते मोजायचे, त्यावरून बाळाला रक्त कमी पडतं का ते ठरायचं. प्रत्येक वेळी काळीपिवळीने तालुका, तिथून एसटीने नागपूर. घरात ठेवलेलं सोयाबीन काढून विकलं. हमीभाव ४,८९२ रुपये होता, आम्हाला चार हजारही धड मिळाले नाहीत. त्यावर घरातल्यांची बोलणी. यांची मावशी माझ्या तोंडावर म्हणाली, "हिचंच रक्त लेकराले खाते." मला ते वाक्य झोपेतही ऐकू यायचं. मी कोणाला समजावू? ज्यांनी समजावायचं त्यांनी माझ्या कार्डावर कोपऱ्यात दोन अक्षरं लिहून हात झटकले होते.

बाळ महिनाभर आधीच काढलं. त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांवर कापडी पट्टी. तरी कावीळ चढतच गेली, तेव्हा बेंबीतून नळी घालून थोडं थोडं रक्त बाहेर आणि तेवढंच दुसरं आत, असं रक्त बदललं. ओ निगेटिव्ह रक्तासाठी हे रात्रभर फोन करत होते. सरकारी दवाखान्यातल्याच डॉक्टरांनी माझं लेकरू वाचवलं, हे मी कोणाहीपुढे सांगेन. पण ते वाचवण्याची वेळही सरकारी दवाखान्यानेच आणली. आता त्याच्या कानांची तपासणी व्हायची आहे, कारण एवढी कावीळ झालेल्या बाळांचं ऐकणं जाऊ शकतं. मी टाळी वाजवते आणि त्याच्याकडे बघत बसते. कधी दचकतो, कधी नाही.

त्या वॉर्डात असतानाच मोबाईलवर बातमी वाचली. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन नावाचे गृहस्थ फेब्रुवारी २०२५ मध्ये वारले, ८८ वर्षांचे होते. त्यांच्या रक्तद्रवात हीच अँटी-डी होती. हे इंजेक्शन माणसाच्याच रक्तद्रवातून बनवत आले आहेत, हे मला तेव्हा कळलं. १९५४ पासून २०१८ पर्यंत त्यांनी १,१७३ वेळा रक्तद्रव दिला. मी ती बातमी वाचून रडले. कोणी एक परका माणूस साठ वर्षं आपला हात पुढे करतो, कुठल्या कुठल्या बायांची लेकरं जगावी म्हणून. आणि आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात शनिवारी रात्री एक बाटली नसते.

आपले अधिकारी म्हणतील, औषध महाग आहे, ते थंड ठेवावं लागतं. लागतं, २ ते ८ अंशांत. लसीही तशाच ठेवाव्या लागतात. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींचा फ्रीज आहे, आशाताई निळी पेटी खांद्याला लावून नाल्यापलीकडच्या तांड्यापर्यंत जाते. त्याच पेट्यांच्या जोरावर २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या फ्रीजमध्ये फक्त लसीच ठेवायच्या असा नियम असेल, तर एक छोटा फ्रीज घ्या. पैशाचं म्हणाल तर माझ्या एका बाळावर नागपुरात सरकारचा जो खर्च झाला, त्यात आमच्या अख्ख्या तालुक्याची कितीतरी वर्षांची इंजेक्शनं आली असती.

आणि या बाया थोड्या नाहीत. आपल्याकडे शंभरात पाचेक बाया निगेटिव्ह असतात असं डॉक्टर सांगतात. राज्यात वर्षाला पंधरा-वीस लाख बाळंतपणं होत असतील, म्हणजे पाऊण लाख ते एक लाख बाया. त्यातल्या शहरातल्यांना मिळत असेल. आमच्याकडे शनिवार-रविवारी बाळंत होणाऱ्या बाईचं काय? पोट दुखायला लागायचा वार बाईच्या हातात असतो का?

कागदावर सगळं आहे. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, त्यात बाळंतिणीला औषधं मोफत, तपासण्या मोफत, रक्त मोफत, घरी सोडायला गाडी मोफत. तो फलक मी ज्या खाटेवर होते तिच्या समोरच लावलेला होता. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या दवाखान्यांत सगळेच उपचार मोफत झाले. जे औषध तिथे नाहीच, ते मोफत आहे की विकत, याने मला काय फरक पडला? आमचे लोक शिकले नाहीत, आमचे लोक अंधश्रद्धाळू, बाया उशिरा येतात, असं दर भाषणात ऐकतो. मी वेळेत गेले, रांगेत थांबले, कार्ड सांभाळलं, पैसे मोजले. आता चूक कोणाची दाखवणार?

दरवर्षी डिसेंबरात सरकार नागपुरात येतं. रस्ते धुतले जातात, मोर्चे अडवले जातात, विदर्भाच्या अनुशेषावर चर्चा होते आणि सगळे परत जातात. तो अनुशेष मोजणाऱ्या वैधानिक विकास मंडळाची मुदतसुद्धा ३० एप्रिल २०२० ला संपू दिली. अनुशेष म्हटलं की आपल्याला धरणं आणि रस्ते दिसतात. लॅबवाल्याची रिकामी खुर्ची आणि स्टोअरची चावी कोणत्या अनुशेषात धरता? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. तेव्हा सगळे धावून आले. एकेक करून, गावागावात, कावीळ होऊन किंवा पोटातच दगावणाऱ्या बाळांसाठी कोणी येत नाही. त्यांची बातमी होत नाही. बाईचं नशीब म्हणतात आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच होतं.

माझी तक्रार पुन्हा उघडा आणि चौकशीला मला बोलवा, हे तर हवंच. पण माझं आता जे व्हायचं ते झालं आहे, मी ऑपरेशन करून घेतलं. मला त्याहून मोठी गोष्ट हवी आहे. प्रत्येक दवाखान्यात प्रसूतीचं रजिस्टर असतं, त्यात आईचा रक्तगट लिहिलेला असतो. मागच्या काही वर्षांची ती रजिस्टरं उघडा. ज्या निगेटिव्ह बाया इंजेक्शन न घेता घरी गेल्या, गर्भपात होऊन गेल्या, त्यांची नावं काढा आणि आशाताईंच्या हाती द्या. त्यांना पुन्हा दिवस जाण्याआधी त्यांची आयसीटी करा. ज्यांच्या अंगात अजून अँटीबॉडी नाहीत, त्यांची पुढची बाळं या इंजेक्शनाने वाचतील. ज्यांच्या अंगात झाल्या, त्यांना निदान पहिल्या महिन्यापासून मोठ्या दवाखान्यात पाठवता येईल. माझ्यासारखं सातव्या महिन्यात खासगी लॅबच्या बाकड्यावर कळायला नको. आणि जिथे जिथे बाळंतपण होतं तिथे निदान दोन बाटल्या, आठवड्याचे सातही दिवस, सिस्टरच्या हाताशी. चावी सिस्टरकडे. संपली की दुसरी येईपर्यंत जबाबदार कोण, त्याचं नाव भिंतीवर लिहा.

आमच्या गल्लीत एका पोरीचं पहिलंच आहे. तिचाही गट निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह, ती तपासणी मीच तिला करायला लावली. पुढच्या महिन्यात तिला २८ आठवडे होतात. मी तालुक्याला विचारून आले, इंजेक्शन आजही नाही, "मागणी पाठवली आहे" म्हणतात. आपल्या खात्याच्या उत्तरात ते उपलब्ध आहे. दोन्हींतलं एक खोटं आहे. कोणतं, ते शोधायला आपल्याकडे आता तीन-साडेतीन आठवडे आहेत.

आपली,
एक शेतकरी बाई, विदर्भ

(माझं नाव, गाव, तक्रार क्रमांक आणि मेडिकलच्या बिलाची झेरॉक्स आपल्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने वेगळी पाठवली आहे.)