तपकिरी त्रिकोण पुरेसा नाही, प्राणी कोणता तेही लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

हलाल सर्टिफिकेटचा, म्हणजे माल इस्लामी नियमांना धरून आहे असं सांगणाऱ्या शिक्क्याचा, विषय निघाला की टीव्हीवर दोन्हीकडून आरडाओरडा सुरू होतो, पण ज्या घरात हे खाण्यापिण्याचे नियम रोज पाळले जातात त्या घरातल्या बाईला किराणा दुकानात उभं राहून नेमकं काय बघावं लागतं ते कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय.

आधी एक सांगते, आम्हा मुसलमानांचे नियम लोकांना वाटतात तेवढे किचकट नाहीत. डाळ, भात, भाजी, फळं, दूध, अंडी सगळं हलालच, म्हणजे खायला चालणारंच आहे, त्याला कुठला शिक्का लागत नाही. कुराणात जे हराम, म्हणजे निषिद्ध म्हणून सांगितलंय ते मोजकंच आहे, मेलेलं जनावर, रक्त, डुकराचं मांस आणि अल्लाहशिवाय दुसऱ्याच्या नावानं कापलेलं, आणि दारू वेगळी. कुराणाच्या त्याच आयतीत, म्हणजे वचनात, पुढे असंही आहे की जो अगदी नाइलाजानं खाईल त्याच्यावर गुन्हा नाही. मटणाचं म्हणाल तर सुरी धारदार पाहिजे, ती जनावरासमोर पाजळायची नाही, अल्लाहचं नाव घेऊन गळ्याच्या नसा कापायच्या आणि रक्त पूर्ण वाहून जाऊ द्यायचं. यात आपल्या महाराष्ट्राला नवीन काहीच नाही, गावगाड्यात बकरं कापायचं काम मुलाण्याकडेच असायचं आणि अजूनही कितीतरी गावांत आहे, मराठ्यांच्या घरचं लग्न असो की जत्रा, मुलाण्याला बोलावणं जातं आणि यात कोणाला काही वावगं वाटलेलं नाही.

मतभेद आमच्यातही आहेत बरं का. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, माझी जाऊ हनफी, हे इस्लामी नियमांचे दोन पंथ, आम्हाला समुद्रातलं जवळजवळ सगळं चालतं, आमच्याकडे पावसाळ्यात कुर्ल्यांचं सार झालंच पाहिजे. जाऊ मराठवाड्यातली, ती कुर्लीला हात लावत नाही आणि कोळंबीबद्दल तर त्यांच्या उलेमांमध्येच, म्हणजे धर्मपंडितांमध्येच, दोन मतं आहेत. मग काय, एकाच ओट्यावर तिच्यासाठी सुरमई तळायची, भांडं वेगळं ठेवायचं, झालं. घरात सगळं डोळ्यासमोर असतं, कशात काय घातलंय ते माहीत असतं, त्यामुळे भांडण होत नाही.

खरी अडचण पाकिटाची आहे. शाकाहारी मालाचा हिरवा ठिपका दिसला की आमचा प्रश्न बहुतेक मिटतो, म्हणून कित्येक मुसलमान घरांत बिस्किटं, चॉकलेट, नूडल्स व्हेजच आणतात हे बऱ्याच जणांना माहीत नसेल. पण मार्शमेलो, जेली, बाहेरून आलेली चॉकलेटं यांच्यावर तपकिरी खूण असते (2020 च्या नियमांनंतर ठिपक्याच्या जागी त्रिकोण आला), आणि ती एवढंच सांगते की यात प्राण्याचं काहीतरी आहे. कुठल्या प्राण्याचं? पाकीट उलटं करायचं, चिकटवलेली घडी नखानं उचलायची, चकाकत्या कागदावरची मुंगीएवढी अक्षरं उजेडाकडे धरून वाचायची, तर तिथे लिहिलेलं असतं जिलेटिन, प्राणिजन्य. बस. आता जिलेटिन, म्हणजे जेलीसारखा घट्टपणा आणणारा पदार्थ, डुकराच्या कातडीपासून होतं, गायीम्हशीच्या हाडांपासून आणि कातड्यापासून होतं, माशापासूनही होतं. माशाचं असेल तर मुलाला बिनधास्त देईन, डुकराचं असेल तर हातही लावणार नाही, पण कळणार कसं? तसंच ते 471 नंबरचं इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा घटक, ते तेलापासूनही बनतं आणि चरबीपासूनही, आणि चव वाढवणारा 631 नंबर जो चिप्सच्या, सूपच्या पाकिटावर दिसतो तोही मांसापासून किंवा माशापासून काढता येतो आणि वनस्पतींपासूनही.

आणि हे फक्त मुसलमानांचं दुखणं आहे असं कृपया समजू नका. जो हिंदू माणूस चिकन मासे खातो पण गोमांस खात नाही तोसुद्धा त्या त्रिकोणासमोर माझ्याइतकाच अडाणी आहे, कारण जिलेटिन गायीचं की माशाचं हे त्यालाही कळत नाही. दिल्ली हायकोर्टानं 9 डिसेंबर 2021 ला ऑर्डर दिली होती की प्रत्येक घटक वनस्पतीपासून आहे, प्राण्यापासून आहे की लॅबमध्ये तयार केलाय हे स्पष्ट लिहा, नुसता कोड चालणार नाही आणि प्रमाण कितीही कमी असलं तरी लिहा. ही याचिका कोणी केली होती माहितीये का, गोरक्षणाचं काम करणाऱ्या एका ट्रस्टनं. मला त्या बातमीनं खूप आनंद झाला होता, कारण त्यांना जे पाहिजे तेच मला पाहिजे. पण ती ऑर्डरसुद्धा प्राणी की वनस्पती इथंच थांबते. डुकराची चरबी किंवा गाईबैलाची चरबी असेल तर नावानिशी लिहायचा नियम आपल्याकडे आहे, मग जिलेटिनला तोच नियम लावायला काय हरकत आहे?

2023 च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेश सरकारनं हलाल सर्टिफिकेटवाला माल विकायला बंदी घातली, एक्सपोर्टचा माल तेवढा सोडला. म्हणजे परदेशातल्या गिऱ्हाइकाला माहिती द्यायची आणि आपल्याला नाही, हे मला अजिबात पटत नाही. सर्टिफिकेट कोण देतं, त्याचे पैसे कोण घेतं यावर सरकारनं खुशाल नियम करावेत, पण माझ्यासारखीला शिक्क्यापेक्षा माहिती हवी आहे, ती सरकारी नियमानंच पाकिटावर आली तर निम्म्या मालाला त्या शिक्क्याची गरजच उरणार नाही.

औषधांचं तर विचारूच नका. रमजानमध्ये सेहरीला घरातले म्हातारे शुगर बीपीच्या गोळ्या घेतात, त्यात कॅप्सूल असली तर तिचं कवच बहुतेक जिलेटिनचंच, आणि तिच्या स्ट्रिपवर हिरवी तपकिरी कसलीच खूण नसते. आजारपणात सवलत आहे हे आम्ही त्यांना समजावतो, पण काही जण गुपचूप कॅप्सूल टाळतात आणि तब्येत बिघडवून घेतात. वनस्पतीचं कवच असलेल्या कॅप्सूल मिळतात, थोड्या महाग पडतात, स्ट्रिपवर लिहिलं तर निदान डॉक्टरांना विचारता तरी येईल. बेकरीवाल्यांनीही केकवरची जेली कशाची आहे ते विचारल्यावर वैतागू नये, चायना ग्रासची, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेली असेल तर तसं सांगावं, आमच्याकडे इफ्तारला चायना ग्रासचं पुडिंग घरोघरी असतं, आम्हाला ते चांगलं ओळखीचं आहे.

माझी मागणी एफएसएसएआयकडे, म्हणजे अन्नाचे नियम करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे आहे. जिलेटिनच्या पुढे कंसात गाय, म्हैस, डुक्कर, मासा जे असेल ते लिहायची सक्ती करा, 471 आणि 631 सारख्या नंबरांपुढेही मूळ कशाचं ते लिहा, औषधाच्या स्ट्रिपवरही लिहायला लावा अशी शिफारस आरोग्य खात्याकडे करा. आणि सध्या लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की चालतं, निदान महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मालावर ही एक ओळ मराठीत आणि डोळ्यांना दिसेल एवढ्या अक्षरात असावी.

एक वाचक, चिपळूण