पापुद्रा सोलण्याआधी छिद्र मोजा

महोदय,

एक डोळा झाकल्यावर दाराची चौकट वाकडी दिसते, समोरच्याचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा वाटतो. अशी तक्रार 'वयोमानाने होतेच' म्हणून सोडून देऊ नये. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागी छिद्र, म्हणजे मॅक्युलर होल, असू शकते आणि ते ओसीटी या पडद्याच्या स्कॅनमध्ये मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजता येते.

1991मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ केली आणि वेंडेल यांनी व्हिट्रेक्टॉमी करून, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ काढून, छिद्र मिटावे म्हणून डोळ्यात गॅस भरला, तेव्हा 52 डोळ्यांपैकी 58 टक्के डोळ्यांतली छिद्रे बंद झाली. पुढे पडद्याचा सर्वांत आतला पापुद्रा, आयएलएम, सोलण्याची पद्धत रूढ झाली. 2011मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत महिन्याभरात सोललेल्यांपैकी 84, तर न सोललेल्यांपैकी 48 टक्के छिद्रे मिटली. मात्र सहा महिन्यांनी दूरच्या नजरेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. रुग्णाला हे दुसरे वाक्यही सांगायला हवे.

हा पापुद्रा जेमतेम काही मायक्रॉन जाड आणि पारदर्शक असतो. तो दिसावा म्हणून आधी इंडोसायनिन ग्रीन हा रंग वापरत. त्याच्या विषारी परिणामांमुळे आता ब्रिलियंट ब्लू हा रंग पसंत केला जातो. छिद्रापासून दूर चिमट्याने कड उचलायची आणि पृष्ठभागाला समांतर, गोलाकार सोलत न्यायचे. चिमटा खोल गेला तर मज्जातंतूंच्या थराला इजा होते, रक्तस्राव होतो, तिथे बारीक अंध ठिपका राहू शकतो. सफाईने सोलले तरी पडद्याला आधार देणाऱ्या म्युलर पेशींची टोके दुखावतात; काही महिन्यांनी ओसीटीत खळगे दिसतात.

म्हणून आमचे मत असे: 250 मायक्रॉनपर्यंतच्या छिद्रात वर दुसरी झिल्ली नसेल, तर न सोलण्याचाही विचार व्हावा. 400 मायक्रॉनच्या पुढे मात्र सोलणे टाळू नये. तिथे पापुद्रा पूर्ण न काढता त्याची झालर छिद्रावर उलटवण्याची, 2010मध्ये पोलंडच्या नेत्रतज्ज्ञ मिखालेव्स्का यांनी मांडलेली पद्धत उपयोगी ठरते.

डोळ्यात भरलेल्या गॅसबाबतच्या सूचना तर सर्रास तोंडीच दिल्या जातात. यातला एसएफ6 हा गॅस साधारण दोन आठवडे, सी3एफ8 सहा ते आठ आठवडे डोळ्यात राहतो. तेवढ्या काळात विमानप्रवास वर्ज्य. वाईहून महाबळेश्वरला चढतानाही बुडबुडा फुगून डोळ्यातला दाब वाढू शकतो. दुसऱ्या कुठल्या शस्त्रक्रियेत भुलीसाठी नायट्रस ऑक्साइड दिला, तर नजर कायमची जाऊ शकते. डिस्चार्ज कार्डावर छिद्राचा आकार, पापुद्रा सोलला की नाही, गॅसचे नाव आणि भरल्याची तारीख मराठीत लिहून देणे रुग्णालयांनी बंधनकारक करावे.

— पडद्याच्या शस्त्रक्रिया करणारे नेत्रतज्ज्ञ, पुणे