बांधावर जागलेल्या काकांना अनावृत पत्र

आदरणीय काका,
सादर प्रणाम.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हे ठाऊक असूनही मी ते मराठीत लिहीत आहे, कारण मनातले नीट सांगायचे तर मला हीच भाषा येते. माझी मुलगी ते तुम्हाला इंग्रजीत वाचून दाखवील. नाव कुठेही छापायचे नाही, असे तुम्ही बजावले आहे, तेव्हा नाव लिहीत नाही. येथे लहानथोर सगळे तुम्हाला नुसत्या नावाने हाक मारतात. या देशात इतकी वर्षे काढूनही सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तशी हाक मारायला माझी जीभ वळत नाही, म्हणून मनातल्या मनात मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून काकाच म्हणत आलो आहे.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, बर्फावर घसरण्याचा खेळ चालतो अशा एका लहानशा स्की-डोंगरावर मी पंपघर सांभाळतो, असे गावाकडे सांगितले की लोकांना हसू येते. आकाशातून फुकट पडणारे बर्फ पंपाने कशाला करायचे, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. पण ते हल्ली वेळेवर आणि पुरेसे पडत नाही, आणि नाताळच्या आठवड्यात उतार उघडे पडले तर वर्षाचा हिशेब जुळत नाही. एक एकर उतारावर फूटभर बर्फ अंथरायचे तर दीड-दोन लाख गॅलन, म्हणजे सहा-सात लाख लिटर पाणी लागते, आणि तेही थंडी उणे दोन अंशांच्या खाली उतरली की ताबडतोब, रात्रीतून. ते पाणी ऐन हिवाळ्यात ओढ्यातून हवे तेवढे उपसता येत नाही, कारण ओढ्याचा प्रवाह फेब्रुवारीतल्या नेहमीच्या (मध्यक) प्रवाहाच्या खाली जाऊ द्यायचा नाही, असा या राज्याचा नियम आहे, आणि माशांच्या दृष्टीने तो योग्यच आहे. म्हणून तळे. आमच्या सांगोल्याकडे डाळिंबासाठी जसे शेततळे असते, तसेच हे बर्फासाठीचे शेततळे समजावे. ते फुटले की हंगाम बुडाला.

१० आणि ११ जुलै २०२३ च्या पावसात ते जवळजवळ फुटलेच. त्या दोन दिवसांत राज्याची राजधानी असलेल्या माँटपेलियरच्या बाजारपेठेत विनूस्की नदीचे पाणी शिरले होते, तेव्हा आमच्या एवढ्याशा तळ्याची दखल कोण घेणार? ओढ्याने सांडव्याची एक बाजू खरवडून नेली, बांधाला माणूस उभा राहील एवढी घळ पाडली, आणि तळ्यात झाडे, धोंडे व गाळ असे काही आणून टाकले की पंपाची जाळी कुठे आहे, हे मला अंदाजाने दाखवावे लागत होते.

त्यानंतर जे आले त्यांची नावे मी घेणार नाही, पण त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय मला राहवतही नाही. विमा कंपनीचा माणूस आला. हे पुराने झाले की जमीन खचल्याने, यावर तो इतका वेळ बोलला की शेवटी मलाच शंका येऊ लागली. मग एका सल्लागार कंपनीचे तरुण साहेब आले. त्यांनी ड्रोन उडवला, उत्तम छपाईचा अहवाल पाठवला आणि काम पुढच्या वसंतात हाती घ्यावे, असे सुचवले. वसंतात बर्फ वितळते, साहेब, करायचे नसते. त्यांच्यापैकी एकाचाही बूट चिखलाने भरला नाही, ही गोष्ट मी आजही विसरलेलो नाही.

तुम्ही ऑगस्टच्या अखेरीस आलात, ट्रेलरवर पोकलेन घालून, बोलावणे नसताना. कोणाकडून तरी ऐकले म्हणालात. पहिला तासभर तुम्ही यंत्र खाली उतरवलेच नाही. हातात फावडे घेऊन बांधावरून चालत राहिलात, मधूनच माती बोटांत मळून तिची वळी करून पाहिलीत आणि ती कुठे तुटते ते बघत राहिलात. मडके घडवण्याआधी कुंभार असेच करतो, म्हणून मी तेव्हाच निर्धास्त झालो. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाने किलिंग्टनजवळचा रूट ४ हा महामार्ग वाहून नेला, तेव्हा तो पुन्हा बांधणाऱ्यांत तुम्ही होतात, हे मला पुढे दुसऱ्यांकडून कळले. तुम्ही स्वतः त्याविषयी चकार शब्द काढला नाहीत.

पुढच्या सात आठवड्यांत काय काय केले, किती गाळ काढला आणि चिकणमाती कुठून आणली, हे मी येथे लिहीत बसत नाही. मला लिहायचे आहे ते ऑक्टोबरमधल्या एका रात्रीविषयी.

बांधाची नवी भर नुकतीच बसली होती, तळ्यात अर्धे पाणी घेतले होते आणि त्या रात्री जोराच्या पावसाचा इशारा होता. बांधाच्या पायथ्याशी एके ठिकाणी पाझर सुरू झाला होता. मी सलग तीन रात्री जागा होतो आणि माझे हात थरथरत होते, ते थंडीने नव्हे. तुम्ही माझ्याकडे पाहिलेत आणि म्हणालात, "घरी जाऊन झोप. पाण्याकडे मी बघतो." एवढेच. ना उपदेश, ना धीराची भाषणे. मी गेलो, आणि लाज वाटेल इतका गाढ झोपलो.

पहाटे आलो तर पाऊस थांबला होता, आणि तुमच्या पिकअपच्या मागच्या फळीवर जॅमच्या नऊ बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि पट्टीवर तुमच्या जाड पेन्सिलीने लिहिलेली वेळ: नऊ, दहा, अकरा, बारा, अशी पहाटे पाचपर्यंत. दर तासाला त्या अंधारात निसरड्या उतारावरून खाली जाऊन तुम्ही पाझराचे पाणी भरून आणले होते. पहिल्या तीन बरण्यांच्या तळाशी नखाएवढा गाळ बसला होता, चौथीत त्याची नुसती रेघ होती, आणि सहाव्या बरणीपासून पुढे तळ स्वच्छ होता. पाझर असणे वाईट नाही, त्यातून माती येणे वाईट. गढूळ पाणी आले की बांध आतून पोखरला जात आहे, असे माझे आजोबाही म्हणत असत. पावसाळ्यात तळे भरले की तेसुद्धा घोंगडी घेऊन बांधावरच झोपत. त्या बरण्या पाहताना मला काय झाले, ते तुम्ही पाहिलेत आणि न पाहिल्यासारखे करून थर्मासमधली उरलेली कॉफी मला दिलीत. ती थंडगार झालेली होती.

माणूस चांगला आहे, हे त्याच्या मोठ्या कामावरून ओळखावे असे आपल्याला शिकवतात, आणि पूर ओसरल्यावर माँटपेलियरच्या दुकानांतून चिखल उपसायला दूरदूरहून आलेली अनोळखी माणसे पाहून मलाही तसेच वाटले होते. पण दुसऱ्याची झोप आपल्या अंगावर घेणारी माणसे फार थोडी. त्याचे बिल लावता येत नाही, आणि तुम्ही ते लावलेही नाहीत. तुमच्या हिशेबात त्या रात्रीचे तास नाहीत, हे मी दोनदा तपासून पाहिले आहे. आमच्या व्यवस्थापकांना तसे कळवले आहे. तुम्ही रागावणार, तर रागवा.

नोव्हेंबरमध्ये पहिल्या कडक थंडीच्या रात्री पंप सुरू केले. तळे भरलेले होते. पहाटे खालचा उतार पांढरा झाला.

आणि १८ डिसेंबरला पुन्हा तो पाऊस आला, वितळते बर्फ सोबत घेऊन, आणि राज्यात पुन्हा नद्या चढल्या. त्या रात्री मी तुम्हाला फोन केला नाही, कारण तुम्ही आला असता. पंपघराच्या फळीवर तुम्ही ठेवून गेलेल्या बरण्या काढल्या, चिकटपट्ट्या बदलल्या आणि दर तासाला खाली जाऊन आलो. नऊच्या नऊ स्वच्छ निघाल्या. पहाटे चारच्या बरणीचे झाकण तेवढे माझ्या हातून निसटून ओढ्यात गेले, त्याबद्दल क्षमा असावी.

तुमचा ऋणी,
पंपघरातला