कारभारी नक्की कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात नगरसेवकाला ‘कारभारी’ म्हणतात आणि जुन्या बायका नवऱ्यालाही ‘कारभारी’च म्हणतात. आमच्या प्रभागात या दोन्हींची पार सरमिसळ झाली होती.

महापालिकेत प्रशासक येण्याआधीची गोष्ट. ऐन पावसाळ्यात आमच्या बोळातला दिवा सतरा दिवस बंद. नगरसेविकेच्या नंबरावर फोन लावला, तर उचलला ‘साहेबांनी’, म्हणजे त्यांच्या यजमानांनी. अर्ज घेऊन घरी गेले, सोफ्यावर साहेबच. “बघतो की काकू,” म्हणाले आणि परत मोबाईलात. बाईंनी चहा दिला, फाटकापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, “अर्जावर खांबाचा नंबर घाला, नाहीतर वायरमन येत नाही.” नंबर त्यांना पाठ होता. पुढच्या दोन खांबांचासुद्धा!

पुढे लेकीकडे ॲडलेडला गेले, तेव्हा सीक्लिफच्या किनाऱ्यावर फिरताना ग्रेस बेनी यांची माहिती कळली. ऑस्ट्रेलियातल्या या पहिल्या नगरसेविका. 1919 मध्ये ब्रायटन कौन्सिलात सीक्लिफ वॉर्डाच्या प्रतिनिधी झाल्या, 1922 पर्यंत होत्या. बाईंनी केलं काय, तर सीक्लिफला विजेचे दिवे आणले आणि समुद्रात बायका-पुरुषांनी वेगवेगळंच डुंबायचं हा नियम काढायला लावला. म्हणजे तिथंही विषय दिव्याचाच! त्यांचे यजमान वकील, त्याच सुमारास सिनेटर झालेले, म्हणजे आपल्या साहेबांपेक्षा कितीतरी वजनदार. पण वॉर्डाचं काम बाईंच्याच नावावर नोंदलं गेलंय. पुढे 1926 मध्ये हे यजमान पैशांच्या अफरातफरीत तुरुंगात गेले, तेव्हा बाईंनी नोकऱ्या मिळवून देणारी एजन्सी चालवून संसार सावरला. असो, ते विषयांतर झालं.

आपल्याकडे 2011 पासून निम्म्या जागा बायकांच्या. तिकडे शंभर वर्षांपूर्वी आरक्षण नव्हतं, एकटी बाई सभागृहात जाऊन बसली. इथं निम्मं सभागृह बायकांचं, आणि डिजिटल फलकावर बाईंच्या फोटोपेक्षा साहेबांचा मोठा.

महापालिकेनं नगरसेविकांच्या यादीत त्यांचा स्वतःचा मोबाईल नंबर छापावा, जो त्या स्वतः उचलतील, एवढीच मागणी आहे. आमच्या त्या बाई पुन्हा उभ्या राहिल्या आणि फलकावर एकट्याच दिसल्या, तर माझं मत त्यांना. साहेबांनी त्या दिवशी चहा करावा.

— एक निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ, कोल्हापूर