बाई, अनुच्छेद २४३-यू आम्हाला तुम्ही वाचायला लावलात

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

घरी येऊन आभार मानले असते तर तुम्ही विषय बदलला असतात, म्हणून जाहीर लिहितेय. शिवाय तुम्ही जे केलंत ते आपल्या नगरपरिषदेपुरतं राहू नये, दुसऱ्या गावांतल्या लोकांनीही वाचावं, असं मला फार वाटतं.

नगरपरिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आले तेव्हा बहुतेकांना वाटलं, चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे. मग वर्ष उलटलं, दुसरंही उलटलं. नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, तर सांगायचं कुणाला? प्रभागात नगरसेवकच नाही. अर्थसंकल्प मंजूर होत होता, पण त्यावर सभागृहात चर्चा नव्हती. महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत; म्हणजे मुदत संपली तेव्हा त्या सगळ्या बायकाही एका फटक्यात कारभाराबाहेर गेल्या. हे तुम्ही दाखवून दिलंत, तोवर आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

निवडणुकीसाठीच्या आपल्या मोहिमेत आम्ही लिहिलेल्या पहिल्या निवेदनात ‘निवडणूक लवकर घ्यावी ही नम्र विनंती’ असं होतं. तुम्ही ते वाक्य खोडलंत. विनंती कशाला, हा आपला हक्क आहे, असं म्हणून तुम्ही राज्यघटना उघडलीत आणि अनुच्छेद २४३-यू आमच्याकडून मोठ्याने वाचून घेतलात. नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही. ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. आधीच बरखास्त झाली असेल तर सहा महिन्यांच्या आत. इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना आम्ही हात जोडत होतो. त्या दिवसापासून आमच्या निवेदनांची भाषा बदलली.

हे कलम घटनेत आलं कसं, तेही तुम्ही सांगितलंत, आणि मला वाटतं मोहिमेत खरा जीव तिथेच आला. मूळ घटनेत ग्रामपंचायतींचा उल्लेख होता, पण मार्गदर्शक तत्त्वांत, अनुच्छेद ४० मध्ये, म्हणजे न्यायालयात जाऊन बजावून घेता येणार नाही अशा भागात. शहरांसाठी तेवढंही नव्हतं. त्यामुळे निवडणुका घ्यायच्या की लांबवायच्या हे राज्य सरकारांच्या मर्जीवर. मुंबई महापालिकेची १९८५ नंतरची निवडणूक थेट १९९२ मध्ये झाली! १९७८ मध्ये अशोक मेहता समितीने आणि १९८६ मध्ये सिंघवी समितीने पंचायतींना घटनात्मक स्थान द्या असं सांगितलं. १९८९ ची पंचायतींसाठीचं आणि नगरपालिकांसाठीचं अशी दोन्ही विधेयकं लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत थोडक्यात पडली. शेवटी डिसेंबर १९९२ मध्ये ७३ वी (पंचायतींसाठी) आणि ७४ वी (नगरपालिकांसाठी) घटनादुरुस्ती संसदेने मंजूर केली, आणि १९९३ मध्ये त्या अमलात आल्या. इतकी वर्षं लोकांनी पाठपुरावा करून मिळवलेली गोष्ट आपण न वापरता ठेवली तर ती पुन्हा कागदावरच राहील, हे तुमचं म्हणणं मी विसरलेले नाही.

सगळ्यात कठीण प्रसंग आरक्षणाच्या वादाचा होता. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात अडकला होता, त्यामुळे निवडणुकाही अडकल्या होत्या, आणि आपल्या बैठकांमध्येही माणसं जातीवरून एकमेकांकडे संशयाने बघायला लागली होती. तुम्ही दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलंत. प्रतिनिधित्वाची मागणी न्याय्य आहे आणि वेळेत निवडणूक हीसुद्धा न्याय्य मागणी आहे, एकीसाठी दुसरीचा बळी द्यायचा नाही, ही भूमिका तुम्ही शेवटपर्यंत सोडली नाहीत. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर आमची मोहीम त्याच आठवड्यात फुटली असती.

६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. त्यासाठी दिलेली मुदत पुढे वाढली, पण डिसेंबरमध्ये मतदान झालं. हा आदेश आमच्या निवेदनांमुळे आला असं मी म्हणणार नाही. मात्र मतदानाच्या आधी आपल्या प्रभागातल्या बायका उमेदवारांना थांबवून विचारत होत्या, ‘बाराव्या अनुसूचीतले अठरा विषय कोणते, सांगता का?’ (नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या कामांची घटनेतली यादी ती.) हे निखळ तुमचं काम, बाई. उत्तर न आलेल्या उमेदवारांनाही तुम्ही नंतर बसवून ते विषय समजावलेत, हे मला दुसऱ्याकडून कळलं.

आता पुढचं. गावाला ग्रामसभा आहे, तिला घटनेत जागा आहे. शहरातल्या प्रभागाला तशी सभा घटनेने दिलेली नाही, आणि वॉर्ड समित्यांचं बंधन आहे ते तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना. आपल्यासारख्या लहान शहरातल्या माणसाने नगरसेवकाला हिशोब विचारायचा कुठे? प्रत्येक प्रभागात मतदारांची नियमित सभा व्हावी, या मागणीचा मसुदा आम्ही लिहायला घेतलाय. नव्या नगरसेवकांपैकी काहींनी सही करायची तयारी दाखवली आहे. या आठवड्यात कच्चा मसुदा तुमच्याकडे घेऊन येते. जे खोडायचं ते खोडा.

तुमची कृतज्ञ,
प्रभागातली एक मतदार